पौष्टिक खाल्ल्याने घरखर्च वाढतो का? आपल्याच घरचा हिशेब असा मांडा

‘पौष्टिक खाणं परवडत नाही’ असं एक जण म्हणतो आणि दुसरा ठासून सांगतो की बाहेरचं बंद केल्यापासून त्याचे पैसे उरायला लागले. दोघंही खरं बोलत असतात. आपण कुठून सुरुवात केली, कशाच्या जागी काय आणलं आणि खर्च कोणत्या मापाने मोजला, यावर उत्तर बदलतं.

मापाचीच गोष्ट आधी घेऊ. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये हजारो पदार्थांच्या किमती वेगवेगळ्या मापांनी तपासल्या. कॅलरीमागे किंमत काढली की भाज्या आणि फळं महाग ठरली. वजनामागे किंवा एका वाढणीमागे काढली, की भाज्या, फळं, धान्यं आणि दुधाचे पदार्थ गोड, खारट, तेलकट पदार्थांपेक्षा स्वस्त निघाले. पदार्थ तेच, किमतीही त्याच. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात आणि काकडी म्हणजे बहुतांशी पाणी. हजार कॅलरी काकडीतून मिळवायच्या तर सहा किलोंहून जास्त काकडी खावी लागेल; तेलातून त्याच कॅलरी सव्वाशे मिलिलिटरच्या आत मिळतात. पण कॅलरीसाठी काकडी विकत घेतं कोण?

आता सुरुवात कुठून, हा मुद्दा. सधन देशांमधल्या २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत चांगला आहार सर्वांत वाईट आहारापेक्षा माणशी दिवसाला सुमारे दीड डॉलरने महाग, असं त्यात निघालं. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अन्नसुरक्षा अहवालात ३०० कोटींहून जास्त लोकांना सकस आहार परवडतच नाही असा अंदाज होता. नुसतं पोट भरेल एवढ्या पिठूळ अन्नापेक्षा सकस आहार जवळपास पाचपट महाग पडतो, असंही त्यात होतं. म्हणजे ज्या घरात आज मुख्यतः धान्यावरच भागवलं जातं, तिथे फळं आणि दूध आणलं की खर्च वाढणारच. त्या घराला ‘थोडं नियोजन करा’ असं सांगणं ही चेष्टा आहे. पाकिटं, गोड पेयं, मांस आणि बाहेरचं जेवण यांवर बराच पैसा जाणाऱ्या घराचं गणित मात्र उलटं फिरू शकतं. तुमचं घर या दोन टोकांमध्ये कुठे बसतं, हे खर्चाची वहीच सांगेल.

पायरी १ : चार आठवडे फक्त लिहा, काही बदलू नका

आठवड्याभराची नोंद फसवते. त्याच आठवड्यात तेलाचा डबा किंवा महिन्याचं धान्य आलं असेल तर खर्च फुगलेला दिसतो, नसेल तर उगाच काटकसर दिसते. म्हणून चार आठवडे. किराण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. निसटतं ते बाकीचं. कामाच्या जागी घेतलेलं पेय, मुलांनी परस्पर घेतलेला खाऊ, घरपोच जेवणावरचं वेगळं शुल्क, प्रवासात घेतलेलं पाकीट. ज्याने खर्च केला त्याने त्याच दिवशी फोनवर रक्कम टिपली तरच नोंद खरी राहते.

पाहुणे, समारंभ किंवा आजारपण असलेला महिना यासाठी घेऊ नका.

पायरी २ : खर्चाचे ढीग पाडा

धान्य-कडधान्य, भाज्या-फळं, दूध-अंडी-मांस-मासे, तेल-साखर-मसाले, पाकीटबंद खाऊ आणि पेयं, बाहेरचं जेवण. एवढे सहा ढीग पुरेत. प्रत्येकाची बेरीज करा आणि एकूण खर्चातला त्याचा हिस्सा काढा.

शेवटचे दोन ढीग नीट पाहा. त्यातली रक्कम डोळ्यांत भरत नाही, कारण ती थोडीथोडी जाते. एकत्र केल्यावरच तिचा आकार कळतो. तिथे काहीच नसेल, तर पौष्टिक खाण्याने तुमचा खर्च वाढेल हे आत्ताच धरून चाला आणि पुढच्या पायऱ्या ती वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरा.

याच वेळी भाज्या-फळांचं वजनही काढा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं सांगते. बटाटा, रताळं यांसारखी पिठूळ कंदमुळं त्यात धरायची नाहीत. चार मोठ्या माणसांच्या घरात हे दिवसाला १.६ किलो, महिन्याला ४८ किलो झालं, तेही सालं-देठं वगळून. तुमच्या वहीतला आकडा २५ असेल तर तूट २३ किलोंची. तिला तुमच्या भाज्या-फळांच्या सरासरी दराने गुणा. चांगलं खाण्याचा जो काही वाढीव खर्च असेल त्याचा बराचसा भाग याच एका गुणाकारात सापडतो, आणि ‘परवडत नाही’ या मोघम भीतीच्या जागी निदान एक रक्कम समोर येते.

पायरी ३ : पाटीवरचा नव्हे, ताटातला भाव काढा

दुकानातला दर हा कच्च्या, न सोललेल्या मालाचा असतो. केळ्याच्या वजनात सुमारे एक तृतीयांश साल असतं. शेंगांसकट घेतलेल्या हिरव्या वाटाण्यात निम्म्याहून जास्त वजन टरफलांचं. मांसातलं हाड आणि चरबी, माशाचं डोकं आणि काटे, सगळं पैसे मोजूनच घरी येतं. उलट सुकी कडधान्यं भिजून शिजली की त्यांचं वजन दोन ते अडीच पट होतं. शिजवलेल्या कडधान्याच्या डब्याशी तुलना करताना हे विसरलं तर सुकं कडधान्य उगाच महाग वाटतं.

प्रथिनांसाठी वेगळा हिशेब करा, कारण ताटातला सर्वांत महाग घटक बहुधा तोच असतो. १०० ग्रॅम सुक्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सुमारे ६, लिटरभर दुधात ३२-३३, १०० ग्रॅम चरबीरहित मांसात २० किंवा थोडी जास्त. प्रत्येकाच्या किमतीला प्रथिनांच्या ग्रॅमने भागा आणि आकडे एकाखाली एक लिहा. कडधान्यं बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त निघतात. कडधान्यात कमी पडणारी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) धान्यात असतात आणि धान्यातली कमी कडधान्य भरून काढतं, म्हणून दिवसभरात दोन्ही खाल्ली की दर्जाचा प्रश्नही बराचसा सुटतो. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत.

आता ‘पौष्टिक’ असं छापलेल्या मालाकडे वळू. प्रथिनांच्या वड्या, साखरविरहित बिस्किटं, दूरदेशीच्या बिया, ‘सुपरफूड’ची भुकटी. चांगलं खायला लागल्यावर खर्च दुप्पट झाला असं सांगणाऱ्यांच्या पावत्या पाहिल्या तर त्यांत भाजी कमी आणि हीच मंडळी जास्त सापडतात, असा माझा कयास आहे. वरच्या भागाकारात या वस्तू घाला. त्यातली किती तग धरते ते पाहा. सेंद्रिय मालाचंही तसंच. तो घेण्यामागे तुमची स्वतःची कारणं असू शकतात, पण पौष्टिक खाण्यासाठी तो लागतोच असं नाही. सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजीच कमी आणणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

पायरी ४ : आधी वजा करा, मग मिळवा

बहुतेक जण उलट करतात. पहिल्याच दिवशी टोपलीभर फळं, सुकामेवा आणि नवं तेल येतं, जुनी पाकिटंही चालूच राहतात आणि महिनाअखेर खर्च वाढलेला दिसतो. क्रम बदला.

पहिल्यांदा ज्यांच्या जागी काहीच विकत घ्यावं लागत नाही अशा गोष्टी काढा. गोड पेयं सर्वांत वरती. ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चहाचे चमचे. त्याच्या जागी पाणी प्यायलं की ती सगळी रक्कम वाचते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणणं, साखर आणि तळणीचं तेल कमी करणं यालाही काही मोजावं लागत नाही.

नंतर अर्ध्या-अर्ध्या अदलाबदली. मांसाच्या पदार्थात निम्मं मांस आणि निम्मं कडधान्य घाला. चव टिकते, खर्च उतरतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहातल्या एका नियतकालिकात २०२१ मध्ये १५० देशांतल्या आहाराच्या किमतींचा अभ्यास आला होता. सधन देशांत वनस्पतीआधारित आहार नेहमीच्या आहारापेक्षा एक तृतीयांशापर्यंत स्वस्त पडला आणि गरीब देशांत महाग. सुरुवात कुठून, हाच मुद्दा इथे पुन्हा दिसतो.

वाचलेली रक्कम हाती आली की ती भाज्या-फळांच्या तुटीकडे वळवा. हंगामातला माल घ्या. गोठवलेल्या भाज्यांना नाक मुरडू नका: तोडल्यावर लगेच गोठवलेल्या भाजीतली पोषकद्रव्यं कित्येक दिवस फिरून आलेल्या ‘ताज्या’ भाजीच्या तोडीची असतात. दोन आठवड्यांत एकच बदल करा, म्हणजे कोणत्या बदलाने खर्च हलला ते कळेल.

इथे एक प्रयोग सांगायलाच हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं गेलं. हवं तितकं खायची मुभा होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढलं. त्याच प्रयोगात सारख्याच कॅलरींसाठी साध्या अन्नाचं सामान सुमारे ४० टक्के महाग पडलं होतं. पण माणसं सारख्या कॅलरी खात नव्हती ना! साध्या अन्नावर २५०० आणि दुसऱ्यावर ३००० कॅलरी असं ढोबळ धरलं, तर हे अंतर सतरा टक्क्यांच्या आसपास येतं. फरक उरतो, पण निम्म्याहून कमी. ज्या अन्नाने पोट लवकर भरतं त्याचा भाव नुसत्या दरपत्रकावरून कळत नाही.

पायरी ५ : कचऱ्याच्या डब्याची नोंद ठेवा

पाकीट महिनोन्‌महिने टिकतं, पालेभाजी दोन-तीन दिवसांत मान टाकते. चांगलं खायला लागल्यावर पहिल्या महिन्यात वाढलेल्या खर्चाचा एक भाग पोटात न जाता डब्यात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून.

टाकलेली प्रत्येक गोष्ट तिच्या अंदाजे किमतीसह लिहा. हे करताना लाज वाटते, आणि तिचा उपयोगच होतो. आठवड्यातून एकदा भरमसाट आणण्याऐवजी दोनदा थोडं आणा. आधी पालेभाज्या संपवा. कोबी, गाजर, भोपळा थांबू शकतात. फ्रिजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवा.

लहान मुलं असतील तर नवी भाजी पहिल्याच दिवशी खातील ही आशा सोडा. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ताटात आल्यावर ती स्वीकारली जाते. तोवर जे टाकलं जातं तेच तंगीतल्या घरांना परवडत नाही, म्हणून तिथे मुलं नक्की खातील तेच आणलं जातं. यावर उपाय एवढाच: नवी भाजी मोठ्यांसाठी करा आणि मुलांना त्यातली चमचाभर वाढा.

पायरी ६ : वेळ आणि इंधनही धरा

कडधान्य स्वस्त, पण ते आदल्या रात्री आठवणीने भिजत घालावं लागतं आणि शिजवायला इंधन लागतं. दुप्पट शिजवून अर्धं गोठवलं किंवा प्रेशर कुकर वापरला की दोन्ही वाचतं. ज्या घरात संध्याकाळी स्वयंपाकाला कोणाकडेच त्राण उरत नाही तिथे चिरलेल्या भाजीचं पाकीट घेणं चैन नव्हे. त्याची तुलना न चिरलेल्या भाजीशी करू नका. ते पाकीट नसतं तर त्या रात्री काय मागवलं गेलं असतं, त्याच्याशी करा.

पायरी ७ : तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, पण महागाई वगळून

पुन्हा चार आठवडे नोंद घ्या. एकूण खर्चाला माणसांनी आणि दिवसांनी भागा. पाहुण्यांची जेवणंही माणसांत धरा. मग पहिल्या वहीतली जुनी यादी काढा आणि ती आजच्या दरांनी पुन्हा मांडा. तुलना या नव्याने मांडलेल्या जुन्या यादीशी करायची, तेव्हाच्या रकमेशी नाही. हे न केल्याने दरवाढीचं खापर बिचाऱ्या भाज्यांवर फुटतं. पुढे कधीतरी वाचतील अशी औषधांची बिलं या हिशेबात जमेला धरू नका. आजच्या तंगीत ते पैसे हाताशी नसतात.

एवढं करूनही आकडा वरच राहिला आणि कमी करणं भाग असलं, तर कात्री या क्रमाने लावा: आधी ‘पौष्टिक’ छापाची पाकिटं, मग बिगरहंगामी फळं, मग सुकामेव्यातले महागडे प्रकार (शेंगदाणे ठेवा), मग मांसाचं प्रमाण. कडधान्यं आणि हंगामी भाज्यांपर्यंत कात्री येऊ लागली, तर आधी बाहेरच्या जेवणाचा ढीग पुन्हा एकदा तपासून पाहा.