वजन वाढलं की एकाच माणसाला जबाबदार धरू नका: या चुका टाळा

“खाते किती ते बघा!” पंगतीत, चारचौघांसमोर असं बोलणं ही पहिली आणि सगळ्यात वाईट चूक. खर्चापेक्षा जास्त खाल्लं की वजन वाढतं, हे खरं. पण असं का होतं, याची कारणं ताटाबाहेरही असतात. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. शेतात तणनाशक आलं, दिवसभराची भांगलण गेली. जेवण मात्र तेवढंच राहिलं. 2013 पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य रेशन योजनेचा तांदूळ घरात येऊ लागला. गरिबाची चूल पेटती राहिली, हे मोठंच काम. पण फुकटचा तांदूळ असताना महागाची ज्वारी दळून कोण आणणार?

दुसरी चूक, भात बंद आणि चहा चालू. कपात दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर. पाच कपांत 50 ग्रॅम, म्हणजे 200 कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. पाहुण्यांकडे नाही म्हणवत नसेल तर “अर्धा चमचाच घाला वहिनी” म्हणा. आपली दुधाची मिठाई, कुंदा, सणासुदीला जरूर खा, पण डबा भरून फ्रीजमध्ये ठेवू नका.

घरच्या बाईला “जरा चालत जा” एवढं सांगून मोकळं होणं, याचा मला खरोखर राग येतो. शहरात चालायला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे. गावात मात्र उसाच्या ट्रॉल्या धावणाऱ्या रस्त्याकडेनं तिनं पहाटे अंधारात चालायचं का? शिवाय सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं “टाकवत नाही” म्हणून तीच संपवते. डबे भरायला दुसऱ्या कुणी हात लावला तर तिला अर्धा तास मिळेल. तिच्यासाठी वेगळं पथ्याचं रांधू नका, सगळ्यांच्याच आमटीतलं तेल कमी करा.

नुसत्या वजनकाट्यावरही जाऊ नका. कंबर मोजा: पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर, बाईची 80 च्या वर गेली तर सावध व्हा.

खाणं तेवढंच असून वजन भराभर वाढत असेल तर थायरॉइड तपासा. गुडघेदुखीवर नाव-लेबल नसलेल्या पुड्या घेत असाल तर त्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं. मात्र त्या मनानेच एकदम थांबवू नका, तेही धोक्याचं असतं.