पेशीचक्राची जनुकं आणि झाडाचा रोगप्रतिकार : प्रयोगात या चुका टाळा

पेशी विभागायला लावणारी जनुकं झाडाच्या रोगप्रतिकारातही हात घालतात. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपातलं ओएसडी१ हे पेशीचक्राचं जनुक जास्त चालवलं, की एसएनसी१सारखी प्रतिकारक जनुकं जागी होतात आणि स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू पानात नीट वाढत नाही. २०१३ साली हे छापून आलं. तरी दर वर्षी नवे विद्यार्थी त्याच चुका करतात.

सगळ्यात महागात पडते ती तापमानाची चूक. मे महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या ग्रोथ रूमचा एसी बंद पडला. मुंबईचा मे, सोमवारी आत ३० अंश. एसी कसाबसा सुरू झाला, पण आठवडाभर खोली २८च्या खाली आलीच नाही. एका विद्यार्थ्याने कोणाला न सांगता त्याच आठवड्यात ओएसडी१च्या ओव्हरएक्स्प्रेशन लाइनमध्ये, म्हणजे हे जनुक जास्त चालवलेल्या रोपांत, जिवाणू सोडले. ते साध्या रोपांइतकेच वाढले आणि त्याने वहीत लिहिलं, 'प्रतिकाराशी संबंध नाही.' दोन महिने आम्ही त्या एका वाक्यावर पुढचं काम रचत गेलो. उलगडा झाला तो शेजारच्या ट्रेच्या फोटोंवरून. तिथे एसएनसी१ म्यूटंट होता, म्हणजे हे प्रतिकारक जनुक बदलामुळे सतत जागं असलेलं रोप. तो २२ अंशांना बुटका राहतो, पानं वळतात. २८ला तो साध्या रोपासारखा वाढतो, कारण त्या उष्णतेत हा प्रतिकारच मंदावतो. फोटोंतली नवी पानं चक्क सपाट होती. थांबायची तयारी नसेल, तर या विषयात येऊ नका.

तेव्हापासून प्रत्येक ट्रेत मी या म्यूटंटची दोन रोपं ठेवते. तापमानाचा लॉगर आहेच, पण आधी ती रोपं बघते. पानं सरळ दिसली, की त्या दिवशी जिवाणू सोडायची सिरिंज हातात घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे मोठी पेशी दिसली की 'विभाजन वाढलं' म्हणणं. पानातल्या पेशी न विभागताही डीएनए दुप्पट करत जातात : ४सी, ८सी, १६सी ('सी' म्हणजे डीएनएच्या एका संचाचं माप). पान जुनं तितका आकडा मोठा. भुरीची बुरशी तर आपल्या खालच्या पेशींत हीच दुप्पट घडवून आणून पोसली जाते. म्हणून नेहमी त्याच क्रमांकाचं पान घ्या.

सिम आणि एसएमआर१ ही पेशीचक्राला लगाम घालणारी जनुकं. एकटं सिम किंवा एकटं एसएमआर१ बंद करून निष्कर्ष काढू नका. ही भावंडं एकमेकांचं काम सांभाळतात. शून्याव्या दिवसाची, म्हणजे जिवाणू सोडल्याच्या दिवशीची, जिवाणूमोजणी चुकवू नका.

हे फक्त अ‍ॅरॅबिडॉप्सिसपुरतं आहे, असंही समजू नका. भेंडीचा हळद्या हा पानांच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणूरोग १९२४ साली मुंबई इलाख्यातूनच पहिल्यांदा नोंदला गेला. त्या कुळातले विषाणू झाडाच्या आरबीआर या विभाजन रोखून धरणाऱ्या प्रथिनाला चिकटून, विभाजन थांबलेल्या पेशींना पुन्हा डीएनए बनवायला लावतात. भेंडीवर ही जनुकं मोजायची असतील, तर कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची निरोगी, रोपं हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी शिरणार नाही अशा जाळीतच वाढवा. गच्चीवरच्या कुंडीतलं 'निरोगी दिसणारं' रोप मी कंट्रोल म्हणून घेत नाही.