कुंद्याच्या मुळापर्यंत औषध पोचवायचं असेल तर

धुऱ्यावरचा कुंदा, हे चिवट गवत, तणनाशक फवारल्यावर वाळतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो, कारण औषध वरच अडकलेलं असतं. जमिनीतल्या काशांपर्यंत (आडव्या वाढणाऱ्या खोडांपर्यंत) जायला त्याला एकच वाट असते: पानातली साखर ज्या नळ्यांतून खाली उतरते ती.

ही वाट समजायला आधी २,४-डी घ्या, रुंद पानांच्या तणांसाठीचं तणनाशक. हे आम्लधर्मी औषध. पानातल्या पेशींच्या बाहेरची ओल आंबट असते, सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) ५ ते ५.५. तिथे शेकडो कणांतला एखादाच विद्युतभाराशिवाय असतो आणि तेवढाच पेशीच्या पडद्यातून आत शिरतो. आत सामू ७ च्या वर, साखरेच्या नळीत तर ८ च्या आसपास. तिथे कणावर भार येतो आणि परतीची वाट बंद होते. असं एकेक करत औषध नळीत साठतं आणि साखरेबरोबर वाहतं. कुंदा, हरळीसाठीचं ग्लायफोसेट पेशीत शिरतं वेगळ्या तऱ्हेनं, सावकाश. पुढचा प्रवास मात्र त्याच नळीतून.

म्हणून साखर खाली जात असते तेव्हा फवारा. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमिनीत ओल आणि पानं हिरवीगार असताना. आधी कापू नका. पानच नाही तर औषध शिरेल कुठून? उन्हानं सुकलेल्या, धुळीनं माखलेल्या तणावर पैसा वाया जातो.

ग्लायफोसेट ४१ टक्के, बिगरपिकाच्या जागेवर, हेक्टरी २ ते ३ लिटर, ४०० ते ५०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला जास्तीत जास्त १०० मिली. नाल्याचं गढूळ पाणी अजिबात नको, मातीचे कण औषध धरून ठेवतात. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम तेच करतं. आधी पंपामागे ३०० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा, मग औषध टाका. डोस दुप्पट करण्याचा मोह आवरा. पान लवकर करपलं की साखरेची वाहतूक थांबते आणि काशा जिवंत राहतात. पान झटकन जाळणारं पॅराक्वाट मिसळलं तरी तेच.

फवारल्यावर किमान सहा तास उघाड हवी. दोन-तीन आठवडे वखर घालू नका.

२,४-डीचा पंप पऱ्हाटीला (कपाशीला) कधीच वापरू नका, नुसता विसळून तर नाहीच. उरलेल्या थोड्याशा अंशानंही पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात. लक्षण आधी शेंड्यावर दिसतं, कारण कोवळ्या फुटीलाही साखर त्याच नळ्यांतून जाते.