पहिली झटापट: मुखवटावाला आणि त्याचा हाडवैरी यांचा २२ पानी कॉमिक अंक कसा रचावा

पहिल्या गाठीत नायक हरला पाहिजे. नुसता मार खाऊन नव्हे, तर त्याची नेहमीची युक्तीच अंगाशी येऊन. रात्री गच्चीवरून झडप घालणारा मुखवटावाला साध्या गुंडांना भारी पडतो, कारण गुंड त्याला घाबरतात. हाडवैरी घाबरत नाही. म्हणून कागदावर रेघ मारण्याआधी दोन वाक्यं लिहून काढा: ‘नायक कशाच्या जोरावर जिंकतो?’ आणि ‘हा माणूस तो जोर कसा काढून घेतो?’ दुसऱ्या वाक्याचं उत्तर ‘तो जास्त ताकदवान आहे’ असं येत असेल तर तो फक्त मोठा गुंड आहे. वैरी अजून सापडायचाय.

नमुना म्हणून १९४० च्या वसंतात आलेला ‘बॅटमॅन’चा पहिला अंक घ्या. त्यात बॅटमॅनचा हाडवैरी जोकर पहिल्यांदा दिसतो. हेन्री क्लॅरिज नावाचा श्रीमंत मध्यरात्री मरणार, असं तो रेडिओवरून आधीच जाहीर करतो. पोलिसांचा कडेकोट पहारा लागतो आणि तरी बाराच्या ठोक्याला क्लॅरिज चेहऱ्यावर हसू गोठून मरतो. कारण विष आदल्या रात्रीच टोचलेलं असतं, फक्त ते उशिरा भिनतं. पहारा पुढच्या गुन्ह्यावर, आणि गुन्हा तर होऊन गेलेला! पुढे पुलावरच्या मारामारीत जोकर बॅटमॅनला लाथ मारून पाण्यात पाडतो. वैऱ्याचं डोकं आधी दिसतं, हात नंतर. क्रम असाच ठेवा.

पात्रं मात्र स्वतःची घडवा. बॅटमॅन डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या मालकीचा आहे. दोघांच्या आकृत्या एक इंच उंचीच्या काढून पूर्ण काळ्या भरा. एकमेकांत घोटाळा होत असेल तर पोशाख बदला. एक रुंद आणि कोनदार असेल, तर दुसरा लांबुडका, वाकडातिकडा. धावपळीच्या चौकटीत (म्हणजे पानावरच्या एकेका चित्रात) चेहरे दिसत नाहीत, तिथे ही बाह्यरेषाच कामाला येते.

आता पानांची वाटणी. पिनांनी शिवलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात. मुखपृष्ठ सोडून आत २४ धरा, २२ कथेची आणि २ श्रेयनामावली, पत्रं वगैरेंची. कथा उजवीकडच्या पहिल्या पानावर सुरू झाली की विषम पान नेहमी उजवीकडे आणि सम पान उलटल्यावरच दिसतं. धक्का सम पानावर, आणि त्याची उत्सुकता आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. हे चुकलं तर वाचकाची नजर समोरच्या पानावर आधीच पडते आणि सगळा खेळ फुकट जातो.

१ ते ५ धमकी आणि पहिला गुन्हा, ६ ते ८ शोध, ९ ते ११ दुसरा गुन्हा. पान ११ च्या शेवटी दार किलकिलं होतं, पान उलटलं की १२ वर वैऱ्याचा पूर्ण चेहरा. त्याआधी त्याचा हात, सावली, आवाज एवढंच दाखवा. १२ आणि १३ झटापट, १४ वर नायक कोसळतो, १५ पूर्ण शांत, जवळपास बिनशब्दांचं. १६-१७ वर युक्ती उलगडते, १८ ते २१ दुसरी गाठ, २२ शेवट. नवशिके बहुतेक वेळा १६-१७ गाळून मारामारी वाढवतात. मग दुसऱ्यांदा नायक का जिंकला ते कळत नाही, नशीब वाटतं.

मारामारीच्या पानावर चार-पाच चौकटी पुरतात, सहाच्या वर गेलात की ठोसे चिमुकले होतात. पहिली चौकट लांबून: खोली, दारं, खिडकी, दोघं कुठे उभे. डावा तो डावाच ठेवा. बाजू बदलायच्या असतील तर दोघं एकमेकांना ओलांडताना मध्ये एक चौकट द्या. ठोसा लागतो तो नेमका क्षण काढू नका, तो चित्रात थिजल्यासारखा दिसतो. उगारलेला हात किंवा मागे फेकलं गेलेलं शरीर काढा, मधला क्षण वाचक स्वतः भरतो. आणि खोलीतली वस्तू वापरा: पान १२ वर टेबलावर दिवा दिसला तर १४ वर तो फुटू दे.

संवादात जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे हवा. उलटा काढलात तर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात आणि लेटरिंग करणारा, म्हणजे फुग्यांत अक्षरं भरणारा, तुमच्या नावाने बोटं मोडतो. एका फुग्यात पंधरा-अठरा शब्दांवर जाऊ नका. इंग्रजी अंकाच्या मापाने फुगे काढले की मराठीला जागा कमी पडते, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार. अक्षर ९ ते १० पॉइंट, ओळींमधलं अंतर १३ पॉइंट. ‘कलम’सारखा हस्ताक्षरी देवनागरी टाइप चालतो, पण आधी ‘वाऱ्यावर’ आणि ‘दऱ्या’ टाइप करून पाहा. ऱ्य नीट जुळत नसेल तर तो टाइप टाकून द्या. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी चालू नसेल तर ‘कि’ची वेलांटी व्यंजनानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

आवाजांसाठी ‘बूम’, ‘पाव’ कशाला? फाडकन, सपकन, खळ्ळ, धप्प यांत कुठली वस्तू कशावर आपटली तेही कळतं. मात्र हे शब्द हाताने, चित्राचा भाग म्हणून काढा. टाइपचे ताणलेले शब्द वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

मूळ चित्र ११ बाय १७ इंची कागदावर, छापील पान साधारण ६.६ बाय १०.२५ इंच. चारी बाजूंनी अष्टमांश इंच जादा चित्र कापण्यासाठी सोडा, फुगे कडेपासून किमान पाव इंच आत. काळ्या रेषा ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, रंग ३०० ला पुरतात. मोबाइलवर वाचलं जाणार असेल तर एक पान ४० टक्क्यांवर छापून हातभर अंतरावरून वाचा. फुगे वाचता आले नाहीत तर शब्द कमी करा, अक्षर बारीक करू नका.

शेवटी वैऱ्याला मारायचा मोह होतो. त्या १९४० च्या अंकातही जोकर दुसऱ्या कथेच्या शेवटी मरणारच होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवट बदलायला लावला, म्हणून तो जिवंत असल्याचं सांगणारी चौकट आली. तुमच्या पान २२ वर नायक बंद दाराकडे बघतोय की उघड्या, एवढंच ठरवा.