कल्टार घालण्याआधी ठरवा: प्रमाणपत्र कोणते आणि कोणासाठी?

आषाढाच्या पावसाने जरा उघडीप दिली की हापूसच्या बागांत कल्टारची, म्हणजे झाडाला मोहोर धरावा म्हणून मातीत घालायच्या पॅक्लोब्युट्राझोल या औषधाची कामे निघतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हाच त्याचा हंगाम. यंदा बाटली उघडण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा: येत्या तीन-चार वर्षांत या बागेचा आंबा कोणाला विकायचा आहे?

सेंद्रिय प्रमाणपत्राला कल्टार चालत नाही, म्हणून हे आताच ठरवायचे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात आंबा, काजू, कोकम अशा बहुवार्षिक पिकांना पहिल्या सेंद्रिय काढणीआधी किमान ३ वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे रसायनांशिवाय काढायचा काळ, पाळावा लागतो. आज कल्टार पडले की ती मोजणी आजपासून नव्याने सुरू होते. शिवाय हे औषध मातीत बराच काळ टिकते. अर्धी बाग सेंद्रिय आणि अर्धी कल्टारची ठेवायची असेल, तर उताराचे पाणी कुठून कुठे जाते ते याच दिवसांत, भर पावसात, बागेत फिरून पाहून घ्या. वरच्या टप्प्यावर कल्टार आणि खाली सेंद्रिय अशी मांडणी करू नका.

कल्टार सोडायचे नाही, असे बहुतेक हापूस बागायतदार म्हणतील आणि त्यांचे चूक नाही. त्यांनी ग्लोबलगॅपचा, म्हणजे परदेशी खरेदीदार मागतात त्या सुरक्षित शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राचा विचार करावा. त्यात शिफारशीतली औषधे चालतात. तपासले जाते ते औषध कोणते, किती, कधी, कोणी मारले आणि मजुराला हातमोजे होते का. हे प्रमाणपत्र वर्षाचे असते, म्हणजे तपासणीचा खर्च दरवर्षी धरायचा. युरोपला आंबा पाठवायचा तर त्याशिवाय कृषी विभागामार्फत मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदीत, बागेची नोंदणी हवीच. फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला होता, तो जानेवारी २०१५ मध्ये उघडला. तेव्हापासून तिकडची नजर कडक आहे. ज्या औषधाला त्यांनी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकालाही आता हीच मर्यादा आहे. खोडकिडीसाठी ते घरात पडून असेल तर निर्यातीच्या बागेत नेऊ नका.

काजू आणि कोकम यांची गोष्ट वेगळी. डोंगरउतारावरच्या कितीतरी काजू बागांत फवारणीच होत नाही. अशी बाग सेंद्रियला मुळातच जवळची. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे तणनाशक. पावसाळा सरताना गवत मारायला पंप घेऊन जाण्याची सवय सर्वदूर झाली आहे; सेंद्रियसाठी ती सोडून ग्रासकटर लावावाच लागेल. दुसरी अडचण पोत्याची. गावच्या व्यापाऱ्याकडे सगळ्यांच्या बिया एकाच ढिगात जातात आणि तिथेच तुमचे प्रमाणपत्र संपते. वेगळी पोती, वेगळी खोली, वेगळी पावती नसेल तर पैसे घालूच नका.

दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रबर बागायतदारांनीही कान उघडे ठेवावेत. युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमात कॉफी, कोको यांच्याबरोबर रबरही आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या लागवडीचा माल तिकडे चालणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी बागेचे जीपीएस स्थान आणि लागवडीचे वर्ष लिहून ठेवा.

आता भावाबद्दल. ‘सर्टिफिकेट काढा, दुप्पट दर मिळेल’ असे सांगणारे गावोगाव फिरतात. त्यांनी कॉफीकडे पाहावे. मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांची कॉफी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये रास्त व्यापाराच्या शिक्क्याने विकली जाऊ लागली. आज या रास्त व्यापारात, म्हणजे फेअरट्रेडमध्ये, धुऊन तयार केलेल्या अरेबिका कॉफीला पौंडाला किमान १.८० डॉलर, सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट आणि शेतकरी संस्थेला २० सेंट अधिमूल्य ठरलेले आहे. व्यवस्था चांगली आहे. पण प्रमाणित कॉफी मागणीपेक्षा जास्त पिकते, त्यामुळे तिचा मोठा भाग साध्या कॉफीच्याच भावात जातो. शेतकऱ्याने तपासणीची फी मात्र पूर्ण भरलेली असते. आपल्याकडे हे होऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून सांगतो: आधी निर्यातदाराकडून कोणते प्रमाणपत्र हवे, किती माल घेणार आणि जादा किती देणार हे लेखी घ्या, मग अर्ज करा. गावात किंवा मुंबईत ओळखीच्या गिऱ्हाइकालाच पेट्या जात असतील तर पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या बागा तपासून दिलेले सेंद्रिय प्रमाणपत्र, पुरते. ते स्वस्त आहे, पण निर्यातीला चालत नाही. आणि हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन फळ कुठले हे सांगते, ते कसे पिकवले हे सांगत नाही. त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करा, पण त्याला सेंद्रियचा पर्याय समजू नका.

एकट्याने हा खर्च झेपत नाही. सेंद्रियसाठी २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करता येतो, तो कायद्याने नोंदलेला हवा. गटात एकाने चोरून फवारले तर सगळ्यांचे प्रमाणपत्र अडचणीत येते, तेव्हा माणसे पारखून घ्या.

कोणतेही प्रमाणपत्र घ्या, वही आजपासून घाला. नोंद अशी हवी: ‘२२ जुलै. वरचा कातळ, कलमे ४१. कल्टार, झाडाच्या घेराच्या (विस्ताराच्या) व्यासाच्या दर मीटरला ३ मिली. बॅच नंबर बाटलीवरून उतरवला. घालणारे दोघे, त्यांची नावे. पाऊस नव्हता.’ खरेदीची पावती त्याच पानाला टाचा. तपासनीस आधी औषधांची फळी पाहतो; तिथे लेबल फाटलेली एखादी बाटली निघाली तर वही कितीही नेटकी असो, पुढचे प्रश्न कठीण जातात. बाग खंडाने दिली असेल तर फवारणीची नोंद तुम्हाला देण्याची अट करारात घाला, नाहीतर माल तुमचा आणि हिशेब दुसऱ्याकडे अशी गत होते.

राहिला सातबारा. सामायिक जमिनीवर अर्ज करताना इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र मागितले जाते आणि निम्मे भाऊबंद मुंबईत असतात. गणपतीला सगळे घरी येतील. संमतीपत्राचा मसुदा, ताजा सातबारा आणि आठ-अ त्याआधी तयार ठेवा आणि विसर्जनाआधी सगळ्यांच्या सह्या घेऊन टाका.