एक्सल दुरुस्त करायचा की बदलायचा: गॅरेजला जाण्यापूर्वीची तयारी

‘एक्सल गेलाय’ असे मिस्त्रीने सांगितले, तर नेमके काय गेले आहे हे आधी विचारून घ्यावे. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात हा शब्द मागच्या चाकांच्या एक्सलसाठी होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या गाड्या घरोघरी झाल्या, आणि गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टलाही गॅरेजमध्ये एक्सलच म्हणू लागले. इथे त्याच शाफ्टचा विचार केला आहे. अशा गाडीत डावा आणि उजवा असे दोन शाफ्ट असतात, प्रत्येकाला चाकाकडे एक (बाहेरचा) आणि गिअरबॉक्सकडे एक (आतला) असे दोन सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळले किंवा वर-खाली झाले तरी त्याला फिरवत ठेवणारे सांधे, असतात, आणि प्रत्येक जॉइंटवर ग्रीस भरलेला घडीदार रबरी बूट असतो. खराब होण्याची सुरुवात बहुतेक वेळा या बुटापासून होते: तो फाटतो, चाक फिरत असताना ग्रीस बाहेर फेकले जाते, त्या जागी धूळ आणि पाणी शिरते, आणि आतल्या पोलादी गोळ्या व त्यांच्या खाचा झिजू लागतात. त्यामुळे निर्णय मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे बूट फाटल्याचे जॉइंट झिजण्याआधी लक्षात आले की नंतर.

पहिली तपासणी घरीच करता येते आणि त्यासाठी गाडी उचलावी लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना विटा लावून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. चाकामागचा बाहेरचा बूट समोर येतो. टॉर्च धरून नुसते पाहिल्याने भागत नाही, कारण भेगा घड्यांच्या तळाशी लपलेल्या असतात. बोटांनी एकेक घडी उघडून पाहावी. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर किंवा स्प्रिंगवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर बूट फाटला आहे हे न बघताही कळते. त्यातले थोडे ग्रीस अंगठा आणि बोटामध्ये चोळून पाहावे. गुळगुळीत लागले तर अजून वेळ आहे, कचकच लागली तर आत माती गेली आहे. पावसाळ्यात कोकणात जाऊन आलेल्या गाडीची ही पाहणी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारीच उरकावी. आतल्या बुटासाठी मात्र गाडी उचलावी लागते. ते गॅरेजच्या लिफ्टवरच करावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

दुसरी तपासणी कानांची आहे. मोकळ्या मैदानात काचा खाली करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, ताशी दहाच्या आसपास वेगाने गाडी आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने गोल फिरवावी. चाकाच्या गतीबरोबर वाढणारी टक्‌टक्‌ ऐकू आली तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. सरळ रस्त्यावर चढणीला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर थांबते, असे होत असेल तर आतल्या जॉइंटचा संशय घ्यावा. याउलट, वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते, आणि खड्ड्यातच येणारी खडखड लिंक रॉडची, बुशची किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या माउंटिंगची असते. हा फरक लिहून ठेवावा आणि गॅरेजमध्ये ‘पुढून आवाज येतो’ असे न सांगता कोणत्या बाजूला वळताना, किती वेगात आणि कसा आवाज येतो ते सांगावे. माझ्या गाडीच्या बाबतीत मी हे केले नव्हते. एका गॅरेजने दोन्ही शाफ्ट बदलायचा खर्च सांगितला, आणि दुसऱ्या ठिकाणी गाडी उचलल्यावर निघाला तो एक फाटका बूट आणि एक ढिली लिंक.

मिस्त्री शाफ्ट हाताने हलवून ‘बघा, प्ले (ढिलेपणा) आहे’ असे दाखवतो, तेव्हा तो कोणत्या दिशेने हलतो आहे याकडे लक्ष द्यावे. गिअरबॉक्सकडचा जॉइंट शाफ्टच्या लांबीच्या दिशेने आत-बाहेर सरकतो, कारण चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी जुळवून घेण्यासाठी तो तसाच बनवलेला असतो. चाकाकडचा जॉइंट वर-खाली डुगडुगला तर मात्र ती झीज आहे.

आता खर्चाचा हिशेब. बूट बदलायचा असो, बाहेरचा जॉइंट बदलायचा असो की पूर्ण शाफ्ट, बहुतेक गाड्यांत चाक उतरवून, हब नट (चाकाच्या मध्यभागी शाफ्टला धरून ठेवणारा मोठा नट) सोडून शाफ्ट बाहेर काढावाच लागतो, म्हणून मजुरीत फार फरक पडत नाही. हे ध्यानात ठेवून कोटेशन तीन भागांत मागावे: बूट किट, बाहेरचा जॉइंट आणि पूर्ण असेंब्ली (जॉइंटसह अख्खा शाफ्ट). शाफ्ट टेबलावर आल्यावर फोन करण्यास सांगावे आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहावे. जॉइंट धुऊन कोरडा केल्यावर त्याच्या खाचा आरशासारख्या चकचकीत असतील तर नवा बूट, दोन नव्या क्लिपा आणि किटमधले सीव्ही ग्रीस एवढ्यावर काम भागते. खाचांत नखाला लागणारे खड्डे असतील, गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याच्या कडा तुटल्या असतील किंवा धातू तापून निळसर झाला असेल, तर जॉइंट बदलावा. आवाज करणाऱ्या जॉइंटवर नवा बूट चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. शाफ्ट वाकला असेल, त्याच्या खाचेदार टोकाचे दात पिळले गेले असतील किंवा दोन्ही जॉइंट गेले असतील, तर पूर्ण असेंब्लीच घ्यावी. लेथवर वेल्डिंगने भरून देतो, असे कोणी म्हटले तर ते स्वच्छ नाकारावे. शाफ्टचे पोलाद उष्णता देऊन कठीण केलेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा नेमका त्या जागी जातो.

सुटा भाग स्वतः आणायचा असेल, मग तो पुण्यात नाना पेठेतून आणा किंवा मुंबईत कुर्ल्याहून, तर गाडीचे मॉडेल, वर्ष, इंजिन, चासी नंबर, आणि शाफ्ट डावा की उजवा हे लिहून न्यावे. गिअरबॉक्स मधोमध नसल्यामुळे बहुतेक गाड्यांत एक शाफ्ट लांब आणि एक आखूड असतो. दोन्ही टोकांचे दात मोजून जुळवावेत; काही गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर एबीएसची दातेरी रिंग असते, तीही नव्यावर आहे याची खात्री करावी. जुन्या बाजारातला वापरलेला शाफ्ट स्वस्त मिळतो, पण त्याचे जॉइंट किती झिजले आहेत हे बूट काढल्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार तो काढू देत नाही. बुटाच्या बाबतीत कापून चिकटवायचा प्रकार आणि क्लिपेऐवजी तार किंवा केबल टाय हे दोन्ही टाळावेत.

याच वेळी करून घ्यायची कामे म्हणजे शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथला ऑइल सील बदलणे आणि शाफ्ट काढताना सांडलेले गिअर ऑइल पातळीपर्यंत भरणे. सील स्वस्त असतो, पण नंतर गळू लागला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

दुरुस्ती पुढे ढकलायचीच असेल तर एवढे जाणून ठेवावे की जॉइंट पूर्ण तुटला तर डिफरन्शिअलमुळे (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागामुळे) सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला जाते, इंजिन गुरगुरते आणि गाडी जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे अशा गाडीला घाटात गिअरमध्ये टाकून किंवा ऑटोमॅटिकला ‘पी’मध्ये ठेवून उभे करता येत नाही, तिला हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड एवढाच आधार उरतो. म्हणून टक्‌टक्‌ सुरू झालेली गाडी आंबेनळीला किंवा वरंध्याला नेऊ नये.

गाडी परत घेताना हब नट नवा बसवला का आणि तो टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच नट कसणाऱ्या पान्याने) कसला का, हे विचारावे. नुसत्या एअर गनवर भागवू देऊ नये, कारण तो नट व्हील बेअरिंगलाही दाबून धरतो. त्याच कारणासाठी शाफ्ट काढलेल्या अवस्थेत गाडी ढकलून दुसऱ्या जागी लावू देऊ नये. जुने भाग डिकीत टाकून घ्यावेत, मैदानातला तोच गोल फेरा पुन्हा मारावा, आणि पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर टॉर्च घेऊन क्लिपांच्या कडांवर ग्रीस दिसते का ते एकदा पाहावे.