क्रेन लावून झाड काढायचंय? आधी वजनाचा हिशोब करा

क्रेन बोलावली की झाड काढणं सोपं होतं असं सगळ्यांना वाटतं आणि ते बऱ्यापैकी खरंय पण, दोरीवर एकेक फांदी खाली सोडत बसण्यापेक्षा अख्खा तुकडा उचलून थेट मोकळ्या जागेत ठेवला की वेळही वाचतो आणि खालचं छप्पर-कंपाउंडही वाचतं. फक्त एक लक्षात घ्या, एकदा करवत आरपार गेली की त्या तुकड्याचं जे काय वजन असेल ते क्रेनवर आलंच, तेव्हा "अरे हे जड निघालं" म्हणून उपयोग नाही, तो तुकडा परत झाडाला चिकटवता येत नाही. त्यामुळे खरं काम कटिंगचं नाहीच, कटिंगच्या आधी वजन ओळखण्याचं आहे.

क्रेन लागतेच का ते पहिलं बघा. झाडाच्या उंचीपेक्षा जास्त मोकळी जागा एका बाजूला असेल आणि बुंधा आतून धड असेल तर सरळ खाच मारून पाडा, उगाच मशीन कशाला. क्रेनची गरज पडते ती झाड घरावर झुकलंय, खाली टाकायला जागाच नाही, बुंध्याला ढोली पडलीय किंवा वाळवीने पोखरलंय आणि वर माणूस चढवणं धोक्याचं आहे अशा वेळी. वाळलेल्या झाडावर चढूच नका, कटिंगवाल्याला बूम लिफ्टच्या (माणसाला वर नेणारं मशीन) बास्केटमधून काम करू द्या. झाड तोडायची परवानगी लागत असेल तर ती मशीन बुक करायच्या आधी हातात पाहिजे, हे सांगायला नको.

आता वजन. ओल्या लाकडाचं वजन जातीप्रमाणे बदलतं, पण घनमीटरला साधारण ८०० ते ११०० किलो धरतात, मी सरळ १००० धरतो, हिशोब सोपा पडतो. फॉर्म्युला असा: व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने गुणा, मग लांबीने आणि शेवटी १००० ने. म्हणजे ६० सेंमी जाडीचा ३ मीटरचा ओंडका झाला साधारण ८५० किलो. तोच ओंडका ९० सेंमी जाड असेल तर १९०० किलो! जाडी दीडपट झाली आणि वजन सव्वादोन पट, इथेच लोक फसतात, कारण खालून बघताना दोन्ही सारखेच दिसतात. फांद्यांचं वजन काढणं अजून किचकट, पानं, फळं, पावसाचं पाणी सगळं मिळून भरपूर होतं, म्हणून पहिला तुकडा मुद्दाम छोटा घ्या. तो हवेत आला की केबिनमधल्या लोड इंडिकेटरवर खरं वजन दिसतं, ते आपल्या अंदाजाशी ताडून बघा. अंदाज ४०० चा आणि आकडा ५५० चा आला तर पुढच्या प्रत्येक अंदाजात त्याच प्रमाणात वाढ धरून चालायचं. ही एक सवय लागली तरी निम्मं टेन्शन कमी.

मग क्रेन किती टनाची? इथे मोठा गैरसमज आहे. ५० टनाची क्रेन म्हणजे ५० टन कुठेही उचलते असं नाही, तो आकडा बूम (क्रेनचा लांब हात) अगदी जवळ, साधारण ३ मीटर रेडियसवर, म्हणजे क्रेनपासून हुकापर्यंतच्या आडव्या अंतरावर, असतानाचा असतो. झाड घराच्या मागे, क्रेन रस्त्यावर, मध्ये २५-३० मीटर अंतर, तिथे तीच क्रेन दोन-चार टनांवर येऊ शकते. म्हणून मशीन मागवताना "झाड किती मोठं" एवढंच सांगू नका, क्रेन उभी राहणार तिथपासून झाडापर्यंतचं आडवं अंतर आणि झाडाची उंची दोन्ही मोजून सांगा, आणि तुकडा ठेवायची जागा त्याहून लांब असेल तर ते अंतर धरा. लोड चार्टवरच्या (कुठल्या अंतरावर क्रेन किती उचलते त्याचा तक्ता) आकड्यातून हुक ब्लॉक, तुकडा बांधायचे पट्टे, शॅकल (जोडायची लोखंडी कडी) यांचं वजन वजा करायचं असतं, जिब (बूमच्या टोकाला जोडायचा जादा हात) लावली असेल तर तीही. माझ्या मते झाडाच्या कामात चार्टच्या निम्म्याच्या वर जाऊच नये, कारण कारखान्यातल्या मालावर वजन लिहिलेलं असतं, झाडावर नसतं. आणि हो, हुकला माल अडकवून चालत जाणारी हायड्रा क्रेन खाली पडलेले ओंडके इकडून तिकडे न्यायला ठीक, उभ्या झाडाचे शेंडे काढायला नको.

जमीन बघायला कुणी वेळ देत नाही आणि बरेच अपघात तिथूनच सुरू होतात. बूम ज्या बाजूला फिरते त्या बाजूच्या आउटरिगरवर (क्रेनचे बाजूला पसरणारे आधाराचे पाय) बहुतेक भार येतो. समजा एका पायावर १० टन आले आणि पायाखालची प्लेट ३० बाय ३० सेंमीची आहे, तर जमिनीवर चौरस मीटरला ११० टनांच्या वर दाब झाला, बागेतली माती एवढा दाब घेणारच नाही. तोच भार १ बाय १ मीटरच्या जाड लाकडी मॅटवर पसरला की १० टनांवर येतो. मॅट वाकणारी पातळ नको, जाड आणि कडकच पाहिजे, प्लायचा तुकडा टाकून भागत नाही. खाली सेप्टिक टँक, ड्रेनेज, पाण्याची टाकी, नुकतीच बुजवलेली चारी आहे का ते घरमालकाला विचाराच, फरशी मजबूत दिसते म्हणून खाली पोकळी नसेल असं नाही. उघडा खड्डा असेल तर तो जेवढा खोल निदान तेवढं अंतर सोडून पाय लावा.

विजेच्या तारांबद्दल तडजोड नाही. ५० केव्ही (५० हजार व्होल्ट) पर्यंतच्या लाइनपासून निदान ३ मीटर हे बऱ्याच ठिकाणी किमान अंतर मानतात, मी प्लॅन करताना ६ धरतो, कारण बूम वजनाने वाकते आणि तुकडा झुलतो. शक्य असेल तर लाइन बंदच करून घ्या. चुकून बूम तारेला लागलीच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, खालच्यांनी क्रेनला हात लावायचा नाही, लांब व्हायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, मशीन आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये, आणि मग पाय न उचलता सरकत सरकत लांब जायचं.

आता बांधणी. हुक तुकड्याच्या वजनाच्या मध्याच्या बरोबर वर पाहिजे, आणि हा मध्य लांबीचा मध्य नसतो, फांदीचा बुडखा जाड म्हणून तो बुडख्याकडे सरकलेला असतो. उभ्या खोडाला पट्टा वरच्या अर्ध्यात फासासारखा आवळायचा, आडव्या पसरलेल्या फांदीला दोन-तीन ठिकाणी बांधायचं म्हणजे ती उचलल्यावर गर्रकन फिरत नाही. पट्ट्याचा फास केला की त्याची ताकद सरळ उचलण्यापेक्षा साधारण पाव भागाने कमी होते. दोन पट्टे पसरून लावले आणि ते जमिनीशी ३० अंशांवर आले तर प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो, म्हणून कोन ६० अंशांच्या खाली नको. टोकाला एक साधी दोरी बांधून खाली सोडा, खालचा माणूस तुकडा फिरवायला तीच वापरतो, हाताने तुकडा धरायला जायचं नाही.

पट्टा बांधून झाला की कटिंगवाल्याने खाली, बाजूला यायचं. त्याचा बेल्ट कापायच्या जागेच्या खाली, राहणाऱ्या खोडाला पाहिजे, जाणाऱ्या तुकड्याला अजिबात नाही. तुकडा जिकडे झुलणार त्या बाजूला उभं राहायचं नाही. मग ऑपरेटर थोडा ताण घेतो, साधारण तुकड्याच्या अंदाजे वजनाएवढा. कमी घेतला तर करवतीचा बार (पातं) अडकतो, जास्त घेतला तर तुटताक्षणी तुकडा वर उसळतो आणि बूमला हिसका बसतो, आणि हिसका म्हणजे कागदावरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार. कट सावकाश आणि करवतीची फट बघत बघत घ्या, ती हळूहळू उघडायला लागली की ताण बरोबर आहे, झपकन उघडली तर थांबून ऑपरेटरला थोडं खाली सोडायला सांगा. हुक सरळ वर जाईल तेवढंच, क्रेनने तिरकं ओढायचं नाही आणि बुंधा मुळासकट उपटायला तर क्रेन कधीच वापरायची नाही, मुळं किती जोर धरून बसलीत त्याचा आकडा कुठल्याच चार्टमध्ये नसतो.

इशारे देणारा एकच माणूस. रेडिओ हेडसेट असेल तर उत्तम, नाहीतर हातवारे कामाच्या आधी ऑपरेटर, खलाशी (माल बांधणारा मदतनीस), कटिंगवाला सगळ्यांनी मिळून ठरवून घ्या. "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो आणि ऑपरेटरने कारण न विचारता थांबायचं. वारा वाढला तर मशीनच्या कंपनीने दिलेली मर्यादा बघा, पण पानांनी भरलेली फांदी शिडासारखी वारा धरते त्यामुळे त्या मर्यादेच्या बरंच आधी थांबलेलं बरं.

वादळात उन्मळून घरावर टेकलेलं झाड वेगळा प्रकार आहे. वरचा भार क्रेनने धरल्याशिवाय एकही फांदी कापू नका, आणि बुंधा मुळाच्या गोळ्यापासून कापला की तो गोळा झटकन परत खड्ड्यात बसू शकतो, त्याच्या मागे किंवा खड्ड्यात माणूस असता कामा नये.

खाली आलेल्या मालासाठी ग्रॅपल (ओंडके पकडणारा पंजा) लावलेला एक्स्कॅव्हेटर किंवा लोडर आणि सोबत चिपर (फांद्यांचा चुरा करणारं मशीन) असेल तर क्रेन उभी राहून भाडं खात नाही, कारण वरचं काम भराभर होतं आणि तुंबतं ते खालीच. जेसीबीच्या बकेटने उभं झाड ढकलायचा मोह होतो, तो टाळा, वरची वाळकी फांदी तुटून थेट केबिनवर येते. बुंध्याला शेवटी स्टंप ग्राइंडर लावा, जमिनीखाली २०-३० सेंमी घासलं की वर माती टाकून लॉन करता येतं, तिथे बांधकाम करायचं असेल तर मात्र खोदून मुळं काढावीच लागतात, आणि त्याआधी पाइप-केबल कुठून गेलीय ते शोधून चुन्याने आखून घ्या.